सर्जनशील विचाराची क्षमता कशी वाढवावी : नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

सर्जनशील विचार शिकू पाहणाऱ्या माणसाच्या कानावर सुरुवातीलाच दोन टोकाची मते पडतात. ही उपजत देणगी आहे, ती असते किंवा नसते, असे काही जण ठामपणे सांगतात. तर दोन तासांच्या कार्यशाळेत ती कोणालाही शिकवता येते, असे दुसरे तितक्याच ठामपणे सांगतात. मी हा विषय पुस्तकांतून, कार्यशाळांतून आणि पुढे शिक्षकांबरोबर काम करताना शिकले. ही दोन्ही मते नवशिक्याचे नुकसान करतात, कारण दोन्हींमध्ये सर्जनशीलता ही एकच अखंड शक्ती आहे असे गृहीत धरलेले असते. प्रत्यक्षात ती अनेक वेगवेगळ्या क्षमतांची आणि काही स्वभावगुणांची बेरीज आहे. एखाद्याला भराभर कल्पना सुचतात, पण त्यातली चांगली कोणती हे ओळखता येत नाही. दुसऱ्याला कल्पना कमी सुचतात, पण चुकीचा प्रश्न तो चटकन हेरतो. या दोघांना एकच सराव देऊन चालत नाही. आपली कोणती बाजू दुबळी आहे हे शोधून नेमका तिच्यावर सराव करावा, हेच या लेखात मला मुख्यतः सांगायचे आहे.

या विचाराचा पाया अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जे. पी. गिलफर्ड यांनी १९५० साली घातला. अमेरिकी मानसशास्त्र संघटनेचे अध्यक्ष म्हणून केलेल्या भाषणात त्यांनी दाखवून दिले की, आधीच्या २३ वर्षांत मानसशास्त्राच्या संदर्भसूचीत नोंदल्या गेलेल्या सुमारे १,२१,००० लेखनांपैकी केवळ १८६ सर्जनशीलतेशी थेट संबंधित होती. सर्जनशीलता मोजक्या असामान्य लोकांपुरती नसून ती बनवणारे गुण कमी-अधिक प्रमाणात सर्वांमध्ये असतात, असे त्यांचे म्हणणे होते. प्रश्न जाणवणे, कल्पनांचा ओघ, लवचीकता, नावीन्य अशी त्या गुणांची फोड त्यांनी केली. खालचे बरेचसे टप्पे याच फोडीवर उभे आहेत.

सुरुवातीला काय लागेल

- एक शिवलेली वही. सुटे कागद नकोत, कारण जुनी पाने पुन्हा वाचणे हा सरावाचाच भाग आहे.
- वेळ लावता येईल असे घड्याळ. फोनचे चालेल, पण वेळ लावल्यावर फोन हाताला येणार नाही असा ठेवावा.
- स्वतःच्या जगण्यातला किंवा कामातला एक खरा, न सुटलेला प्रश्न.
- त्या विषयातली एक जाणकार व्यक्ती, जिला अधूनमधून शंका विचारता येतील.
- आठवड्यातून चार दिवस, प्रत्येकी अर्धा तास. वेळ शक्यतो रोज तीच असावी.

महागडे पत्त्यांचे संच, ॲप किंवा ‘तुम्ही किती सर्जनशील आहात’ हे पाच मिनिटांत सांगणाऱ्या चाचण्या यांची गरज नाही. अशा चाचण्यांवर विसंबून स्वतःविषयी मत बनवू नये, ही माझी आग्रहाची विनंती आहे.

१. प्रश्न निवडा, आणि तो स्वतःचा असू द्या

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ तेरेसा अमाबिले यांनी सर्जनशील कामाचे तीन घटक सांगितले आहेत : त्या विषयातले प्रावीण्य, सर्जनशील विचाराच्या पद्धती, आणि कामाविषयीची आतून येणारी ओढ. यातला तिसरा घटक बहुतेक जण गृहीत धरतात आणि तिथेच घात होतो. ओढ नसलेल्या प्रश्नावर माणूस पहिल्या बऱ्या उत्तराशी थांबतो. ओढ असेल तर तेच उत्तर तो पुन्हा उलटून पाहतो.

ही ओढ कशी असते हे पाहायचे असेल तर दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांच्याकडे पाहावे. नाशिकजवळच्या देवळालीत ते शाळेत शिकवत असत. गणितातली पदव्युत्तर पदवी त्यांच्याकडे नव्हती, विद्यापीठातले पद नव्हते, संख्यांशी खेळण्याबद्दल त्यांना कोणी मोबदलाही देत नव्हते. १९४९ साली त्यांना ६१७४ या संख्येचा गुणधर्म सापडला. सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या, तिचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडा आणि वजाबाकी करा. उत्तरावर तीच क्रिया पुन्हा करत राहिलात तर जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तुम्ही ६१७४ वर पोहोचता. उदाहरणार्थ ३५२४ घेतली तर ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. आणि ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. ही आकडेमोड पाचवीतल्या मुलालाही जमते. अवघड होते ते असा प्रश्न स्वतःला विचारणे आणि कोणी विचारले नसतानाही त्याच्या मागे लागणे. संख्यांच्या आणखी एका प्रकाराला त्यांनी ‘डेम्लो संख्या’ असे नाव दिले, कारण तो विचार त्यांना डेम्लो, म्हणजे आजच्या डोंबिवली, स्थानकावर सुचला होता. पुढे १९७५ साली गणितावर लोकप्रिय लेखन करणारे अमेरिकी लेखक मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्याविषयी लिहिल्यावर त्यांचे नाव जगभर पोहोचले.

प्रश्न निवडताना तीन गोष्टी पाहाव्यात. तो तुमच्यासमोर वारंवार येत असावा, त्यावर थोड्या खर्चात प्रयोग करून पाहता यावा, आणि त्याचे उत्तर अजून तुम्हाला ठाऊक नसावे. या लेखात मी एक साधा प्रश्न शेवटपर्यंत वापरणार आहे : पावसाळ्यात मुंबईतल्या किंवा कोकणातल्या लहान घरात कपडे वेळेत वाळत नाहीत. तुम्ही त्याच्या जागी तुमचा प्रश्न ठेवावा.

सावध राहण्याची गोष्ट : ‘जगातला प्लास्टिकचा कचरा कसा संपवावा’ असे प्रश्न सरावासाठी घेऊ नयेत. त्यांवर कल्पना लिहिता येतात, पण त्या तपासता येत नाहीत, आणि तपासता न आलेल्या कल्पनांमधून शिकायला फारसे मिळत नाही.

२. उत्तराकडे धावण्याआधी प्रश्न दहा प्रकारे मांडा

माझ्या मते हा सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत जास्त टाळला जाणारा टप्पा आहे. १९६० च्या दशकात जेकब गेटझेल्स आणि मिहाय चिक्सेंटमिहाय यांनी शिकागोतल्या कलाशाळेच्या ३१ विद्यार्थ्यांचे निरीक्षण केले. दोन टेबलांवर २७ वस्तू ठेवल्या होत्या. त्यांतल्या हव्या त्या उचलून मांडणी करायची आणि तिचे चित्र काढायचे, एवढेच काम होते. काही विद्यार्थ्यांनी मोजक्या वस्तू उचलल्या, झटपट मांडणी केली आणि उरलेला वेळ रेखाटनात घालवला. काही जण मात्र अनेक वस्तू हाताळत राहिले, त्या फिरवून पाहत राहिले, आणि चित्र सुरू झाल्यानंतरही मांडणी बदलत राहिले. दुसऱ्या प्रकारच्या विद्यार्थ्यांची चित्रे परीक्षकांना अधिक मौलिक वाटली, आणि काही वर्षांनी चौकशी केली तेव्हा कलाक्षेत्रात टिकून नाव मिळवणाऱ्यांमध्येही त्यांचेच प्रमाण अधिक आढळले. प्रश्न शोधण्यात त्यांनी जो वेळ दिला तो वाया गेला नव्हता.

आता हे आपल्या प्रश्नावर करून पाहू. ‘कपडे लवकर कसे वाळवावेत’ असा प्रश्न लिहिला की मन थेट यंत्राकडे आणि पंख्याकडे जाते. तोच प्रश्न असा मांडून पाहा : दोरीवर टाकण्याआधीच कपड्यातले पाणी कमी कसे करता येईल? सगळे कपडे एकदम वाळण्याची गरज आहे का, की उद्या लागणारे दोनच वाळले तरी चालेल? त्रास ओलेपणाचा आहे की कुबट वासाचा? वासाचा असेल, तर बराच काळ ओल्या राहिलेल्या कापडात जिवाणू वाढतात आणि त्यामुळे वास येतो. मग प्रश्न वाळवण्याचा उरत नाही, जिवाणूंना वाढू न देण्याचा होतो. पावसाळ्यात आपण कोणते कापड वापरतो? जाड जीन्स आणि टर्किशचे टॉवेल त्या चार महिन्यांपुरते बाजूला ठेवून पंचा वापरला तर? प्रत्येक मांडणीबरोबर उत्तरांचे एक नवे क्षेत्र उघडते, आणि पहिल्या मांडणीतून ते कधीच दिसले नसते.

प्रत्यक्ष सराव असा करावा : पानाच्या वर मूळ प्रश्न लिहा, पंधरा मिनिटांची वेळ लावा, आणि तोच प्रश्न किमान दहा वेगवेगळ्या प्रकारे लिहा. क्रियापद बदला, कर्ता बदला, काळ बदला, ‘कसे’च्या जागी ‘का’ किंवा ‘कोणाला’ घाला. सातव्या-आठव्या मांडणीपाशी बहुतेकांना अडखळायला होते. तिथे थांबू नये, कारण उपयोगी मांडणी बहुतेक वेळा त्यानंतरच येते असा माझा अनुभव आहे.

३. विषयाची माहिती गोळा करा, आणि शेजारच्या विषयांचीही

कोऱ्या मनातून नवे विचार निघतात हा गैरसमज फार पसरलेला आहे. नव्या कल्पनेचा कच्चा माल म्हणजे आधी मिळवलेले ज्ञान आणि हाताने केलेले काम. धुंडिराज गोविंद तथा दादासाहेब फाळके यांचे आयुष्य या दृष्टीने वाचण्यासारखे आहे.

त्र्यंबकेश्वरला १८७० साली जन्मलेल्या फाळक्यांनी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि पुढे बडोद्याच्या कलाभवनात शिक्षण घेतले. छायाचित्रण त्यांनी शिकून घेतले आणि गोध्र्याला त्यावर व्यवसायही केला. पुरातत्त्व खात्यात त्यांनी काम केले. ठसे तयार करण्याची आणि छपाईची कला त्यांना अवगत होती, आणि रंगीत छपाईसाठी ते जर्मनीला जाऊन आले होते. जादूचे प्रयोगही ते शिकले होते आणि ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने, म्हणजे आपलेच आडनाव उलटे करून, करत असत. मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहताना आपल्या देवदेवतांच्या कथा पडद्यावर का येऊ नयेत, हा प्रश्न त्यांना पडला, तेव्हा हे सगळे हाताशी होते. चित्रकाराला चौकट कळते, छायाचित्रकाराला प्रकाश आणि रसायने कळतात, आणि जादूगाराला प्रेक्षकाची नजर कुठे वळवायची हे कळते. तोच चित्रपट त्या दिवशी आणखी कितीतरी लोकांनी पाहिला असेल. प्रश्न पडणे आणि तो पेलता येणे या दोन्ही गोष्टी एकाच माणसात होत्या, हे महत्त्वाचे.

तरीही एवढ्या तयारीवर ते थांबले नाहीत. त्यांनी चित्रपट पुन्हा पुन्हा पाहिले, त्याविषयीचे साहित्य मिळवले, आयुर्विम्यावर पैसे उभे केले आणि १९१२ च्या सुरुवातीला लंडनला जाऊन या धंद्यातल्या लोकांकडून प्रत्यक्ष काम शिकून घेतले. ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कॉरोनेशन चित्रपटगृहात प्रदर्शित झाला, तो या दीर्घ शिक्षणानंतर.

तुमच्या प्रश्नासाठी वहीत दोन याद्या करा. पहिलीत त्या विषयातली पक्की माहिती लिहा. कपड्यांच्या बाबतीत ती अशी असेल : वाळण्याचा वेग हवेतल्या आर्द्रतेवर, हवेच्या हालचालीवर, तापमानावर, कापडात उरलेल्या पाण्यावर आणि हवेला मोकळ्या मिळणाऱ्या पृष्ठभागावर अवलंबून असतो. दुसऱ्या यादीत ज्या लोकांना हाच प्रश्न वेगळ्या रूपात रोज सोडवावा लागतो ते लिहा : परीट, सुकी मासळी करणारे कोळी, उन्हाळ्यात वाळवणे घालणाऱ्या घरच्या बायका, मळणीनंतर धान्य वाळवणारे शेतकरी. त्यांच्यापैकी एकाशी तरी बोला. यासाठी एक आठवडा द्यायला हरकत नाही.

इथला सापळा म्हणजे वाचतच राहणे. माहिती गोळा करणे हे काम केल्यासारखे वाटते आणि उत्तर लिहिण्याची भीती त्याआड लपते. म्हणून एक तारीख ठरवावी आणि त्या दिवशी पुढच्या टप्प्याला लागावे.

४. भरपूर उत्तरे लिहा; त्यांची पारख त्या वेळी करू नका

एका प्रश्नाची अनेक उत्तरे काढणाऱ्या विचाराला अपसारी विचार म्हणतात, आणि अनेकांतून एक योग्य उत्तर गाठणाऱ्या विचाराला अभिसारी विचार. दोन्ही आवश्यक आहेत, पण एकाच वेळी दोन्ही करायला गेले तर पहिला मरतो. प्रत्येक कल्पना लिहिता लिहिताच ‘हे शक्य नाही’ असे म्हणणारा माणूस चार उत्तरांवर अडतो.

अपसारी विचारात चार क्षमता मोजल्या जातात. ई. पॉल टॉरन्स यांनी १९६६ साली प्रसिद्ध केलेल्या चाचण्यांतही त्या वापरल्या होत्या. ओघ म्हणजे ठरावीक वेळात किती उत्तरे सुचली. लवचीकता म्हणजे ती किती वेगवेगळ्या प्रकारांत मोडतात. नावीन्य म्हणजे इतरांना सहसा न सुचणारी उत्तरे किती. विस्तार म्हणजे एखादी कल्पना किती तपशिलाने फुलवता आली.

आपली दुबळी बाजू शोधण्याची सोपी पद्धत गिलफर्ड यांच्याच एका चाचणीवर आधारलेली आहे. एक रोजची वस्तू घ्या, समजा वीट, आणि पाच मिनिटांत तिचे जमतील तितके उपयोग लिहा. मग मोजा. भिंत, ओटा, पायरी, कट्टा, चूल असे पाच उपयोग लिहिले असतील, तर ओघ पाचचा आहे, पण प्रकार एकच, बांधकाम. दाराला टेकण, कागदांवरचे वजन, व्यायामासाठी वजन, पाटीवर लाल रंगाने लिहायला तुकडा, ऊन शोषून रात्री ऊब देणारा दगड : इथेही आकडा पाचच, पण प्रकार चार. पहिल्या माणसाने ओघाचा सराव कितीही वाढवला तरी तो बांधकामातच फिरत राहील. त्याला लवचीकतेचा सराव हवा. त्यासाठी वस्तूचे गुण आधी लिहावेत, म्हणजे वजन, रंग, खरखरीतपणा, उष्णता धरून ठेवणे, आकार, आणि मग प्रत्येक गुणावरून दोन-दोन उपयोग काढावेत.

ज्याचा ओघच कमी आहे त्याने दर्जाचा विचार पूर्ण सोडून केवळ आकडा गाठावा : दहा मिनिटांत वीस उत्तरे, मग ती कशीही असोत. नावीन्य कमी वाटत असेल तर पहिली दहा उत्तरे पानाच्या वरच्या भागात लिहून त्याखाली रेघ मारावी आणि विचार रेघेखाली सुरू करावा, कारण वरची दहा बहुतेक सर्वांना सुचतात. ज्याचा विस्तार कमी पडतो त्याने एकच कल्पना घेऊन साहित्य, माप, खर्च, कोण वापरेल आणि काय बिघडेल या पाच मुद्द्यांवर पानभर लिहावे. चारही क्षमतांचा सराव एकाच आठवड्यात करू नये. सर्वांत दुबळी एक निवडावी आणि महिनाभर तिच्यावर राहावे.

५. सवयीच्या पद्धतीची पकड ओळखा

अनुभव उपयोगी असतो, पण तो कधी डोळ्यांसमोरचे सोपे उत्तर झाकतो. अब्राहम लुचिन्स यांनी १९४२ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग तुम्ही घरातल्या कोणावरही करून पाहू शकता. २१, १२७ आणि ३ माप पाणी मावेल अशी तीन भांडी आहेत आणि १०० माप पाणी मोजायचे आहे. मोठे भांडे भरा, त्यातून पहिले एकदा आणि तिसरे दोनदा भरून काढा : १२७ वजा २१ वजा ६, म्हणजे १००. याच रीतीने सुटणारी आणखी काही गणिते दिल्यावर २३, ४९ आणि ३ मापांची भांडी देऊन २० माप मागा. बहुतेक लोक जुनीच लांबलचक रीत वापरतात. २३ मधून ३ काढले की २० उरतात, हे त्यांच्या लक्षात येत नाही. मात्र ज्यांना आधीची गणिते दिलेली नसतात त्यांना ते लगेच दिसते.

दुसरा अडथळा वस्तूच्या ठरलेल्या वापराचा. जर्मन मानसशास्त्रज्ञ कार्ल डंकर यांनी लोकांना मेणबत्ती, काडेपेटी आणि टाचण्यांनी भरलेली डबी देऊन मेणबत्ती भिंतीवर लावायला सांगितली. डबी रिकामी करून ती भिंतीला टाचायची आणि तिच्यावर मेणबत्ती उभी करायची, हे उत्तर अनेकांना सुचले नाही, कारण डबी त्यांना टाचण्या ठेवण्याची जागा म्हणूनच दिसत होती. टाचण्या बाहेर काढून डबी रिकामी ठेवली तेव्हा ते अधिक लोकांना सुचले. पुढे १९६२ साली सॅम ग्लुक्सबर्ग यांनी हाच प्रयोग बक्षिसाचे पैसे लावून केला. भरलेल्या डबीच्या अवघड रूपात पैशांची आशा असलेल्यांना उलट अधिक वेळ लागला. शाळेत आणि कार्यालयात सर्जनशील कामासाठी स्पर्धा आणि बक्षिसे ठेवणाऱ्यांनी हा निष्कर्ष गांभीर्याने घ्यावा असे मला मनापासून वाटते.

सरावासाठी आपल्या प्रश्नाशी संबंधित प्रत्येक वस्तूचे नाव काढून तिचे केवळ वर्णन लिहा. ‘कपाट’ असे न लिहिता ‘बंद होणारी, उभी, कोरडी पोकळी’ असे लिहा. ‘फ्रिजची मागची बाजू’ न लिहिता ‘सतत कोमट राहणारी जागा’ असे लिहा. वर्णन वाचताना वस्तूचा दुसरा उपयोग दिसू लागतो. तो सुरक्षित आहे की नाही हे मात्र दहाव्या टप्प्यात नीट तपासायचे आहे. विजेच्या उपकरणांबाबत तर नक्कीच.

६. दूरच्या गोष्टी जोडा

सार्नॉफ मेडनिक यांनी १९६२ साली असा विचार मांडला की, सर्जनशील माणूस एकमेकांपासून दूर असलेल्या गोष्टींमध्ये संबंध पाहतो. त्यांच्या चाचणीत तीन शब्द देऊन तिन्हींशी जुळणारा चौथा शोधायला सांगतात. मराठीत असा सराव घरीही करता येतो. बाटली, गुहा, लढाई : चौथा शब्द ‘तोंड’. असे तीन-तीन शब्दांचे गट स्वतः तयार करणे हा ते सोडवण्यापेक्षाही चांगला व्यायाम आहे.

प्रत्यक्षातले उदाहरण जॉर्ज द मेस्ट्राल या स्विस अभियंत्याचे. १९४१ साली फिरून आल्यावर कुत्र्याच्या अंगाला आणि स्वतःच्या कपड्यांना चिकटलेली रानटी बोंडे त्याने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, तेव्हा त्यांच्यावरचे बारीक आकडे दिसले. त्यातून आज चपलांवर आणि दप्तरांवर दिसणारी वेल्क्रोची पट्टी तयार झाली. तिचे पेटंट १९५५ चे आहे. कपड्यांना कुसळे चिकटण्याचा अनुभव आपल्याकडच्या प्रत्येक शेतकऱ्याला आहे. फरक सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याच्या कुतूहलाचा, आणि त्यानंतर वर्षानुवर्षे त्यावर काम करण्याचा आहे.

७. काम बाजूला ठेवा, पण भरपूर काम केल्यानंतरच

ग्रॅहम वॉलस यांनी १९२६ साली सर्जनशील विचाराचे चार टप्पे सांगितले : तयारी, मुरण्याचा काळ, उलगडा आणि पडताळणी. फ्रेंच गणितज्ञ आंरी प्वँकारे यांना एका अडलेल्या प्रश्नाची किल्ली कुतांस गावी घोडागाडीच्या पायरीवर पाऊल ठेवताना सापडली, ही हकिकत प्रसिद्ध आहे. मात्र त्याआधी त्यांनी त्या विषयावर अनेक दिवस सलग काम केले होते, हे सांगायचे बहुधा राहून जाते. तयारी न करता घेतलेली विश्रांती ही केवळ विश्रांती असते. अडल्यावर एक-दोन दिवस प्रश्न बंद ठेवा, चाला, हाताचे काम करा, झोप पूर्ण घ्या, आणि वही जवळ असू द्या.

८. स्वभावाच्या बाजूवर काम करा

क्षमतांइतकाच स्वभावाचा वाटा असतो. ग्रेगरी फाइस्ट यांनी १९९८ साली कलावंत आणि शास्त्रज्ञांच्या व्यक्तिमत्त्वावरील अनेक अभ्यास एकत्र तपासले. सर्जनशील मंडळी नव्या अनुभवांना अधिक खुली, रूढीला कमी बांधलेली, आत्मविश्वास असलेली आणि आपल्या कामाने झपाटलेली आढळली. स्वभाव एका महिन्यात बदलत नाही, पण वागणूक बदलता येते. आपल्या आवडीच्या पलीकडचे एक पुस्तक, एक प्रदर्शन किंवा एक कारागिरी दर महिन्याला जवळून पाहावी. उत्तर न सापडलेल्या अवस्थेत राहण्याची सवयही मुद्दाम लावावी लागते. टॉरन्स यांच्या चाचण्यांत अपुरी आकृती पूर्ण करायला देतात. जो ती पटकन बंद करून टाकत नाही, खुली ठेवून पुढे नेतो, त्याला अधिक गुण मिळतात. रोजच्या कामात याचा अर्थ असा की, पहिले समाधानकारक उत्तर मिळाल्यावरही आणखी एक बैठक करावी.

लोक काय म्हणतील ही भीती आपल्याकडे मोठी आहे आणि ती खरी आहे. म्हणून अपुरी कल्पना सुरुवातीला सर्वांसमोर मांडू नये. ती वहीत वाढू द्यावी आणि मग ऐकून घेण्याची सवय असलेल्या एकाच व्यक्तीला दाखवावी.

९. गटात बसताना आधी एकट्याने लिहा

ॲलेक्स ऑस्बर्न यांनी विचारमंथनाची पद्धत लोकप्रिय केली : टीका नको, संख्या वाढवा, दुसऱ्याच्या कल्पनेवर भर घाला. नियम चांगले आहेत, पण १९५८ साली येल विद्यापीठात टेलर, बेरी आणि ब्लॉक यांनी केलेल्या तुलनेत एकत्र बसलेल्या चौघांपेक्षा वेगवेगळे बसलेल्या चौघांच्या कल्पनांची बेरीज अधिक भरली. एक जण बोलत असताना इतरांना थांबावे लागते आणि तेवढ्यात त्यांचा विचार निसटतो, हे त्याचे एक महत्त्वाचे कारण नंतरच्या अभ्यासांत पुढे आले. म्हणून बैठकीची पहिली दहा मिनिटे सर्वांनी न बोलता लिहावे, मग कागद फिरवावेत, आणि चर्चा त्यानंतर सुरू करावी. वरिष्ठांनी शेवटी बोलावे. साहेबांनी मत सांगितले की खोलीतली लवचीकता संपते.

१०. निवडा आणि लहान प्रमाणावर तपासा

आता पारख करण्याची वेळ आली. लिहिलेल्या उत्तरांतून तीन निवडा : एक सर्वांत सोपे, एक सर्वांत नवे, आणि एक जे का आवडते ते सांगता येत नाही पण सोडवत नाही. प्रत्येकाला दोन प्रश्न विचारा. हे नवे आहे का, आणि हे उपयोगी आहे का? सर्जनशील म्हणण्यासाठी दोन्ही उत्तरे होकारार्थी लागतात.

मग पूर्ण खर्च करण्याआधी तपासाचा सर्वांत स्वस्त मार्ग शोधा. फाळक्यांनी इथेही वस्तुपाठ घालून दिला आहे. लंडनहून कॅमेरा आणल्यावर त्यांनी थेट पौराणिक कथेला हात घातला नाही. कुंडीत वाटाणा पेरून त्याच्या वाढीची रोज थोडी थोडी चित्रे घेत त्यांनी एक छोटा चित्रपट तयार केला. यंत्र, फिल्म, प्रकाश आणि रसायने या सगळ्यांची परीक्षा त्यात झाली आणि तो पाहून पैसे देणारेही मिळाले. पुढे तारामतीच्या भूमिकेसाठी स्त्री मिळेना, तेव्हा उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांना त्यांनी ती भूमिका दिली. ठरवलेला मार्ग बंद झाल्यावर काम थांबू न देण्याची लवचीकता त्यात दिसते.

आपल्या प्रश्नाची चाचणी अशी करता येईल. एकाच मापाचे आणि कापडाचे दोन टॉवेल एकत्र धुऊन सारखे पिळा आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर त्यांचे वजन करा. एक नेहमीप्रमाणे दोरीवर दुमडून टाका. दुसरा दोन दोऱ्यांमध्ये तंबूसारखा उघडा ताणून पंख्याखाली ठेवा. दर तासाला दोन्हींचे वजन लिहा. इथे एकदम दोन गोष्टी बदलल्या आहेत, त्यामुळे फरक पडला तर तो ताणण्याने की पंख्याने, हे कळणार नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी पंखा दोघांनाही द्या आणि फक्त टाकण्याची पद्धत वेगळी ठेवा. खोलीच्या खिडक्या दोन्ही दिवशी सारख्याच उघड्या किंवा बंद असाव्यात. निकाल तारखेसह वहीत लिहा. जे उत्तर टिकले नाही त्याच्यापुढे ते कशामुळे पडले याचे कारण एका ओळीत लिहा, आणि ते कारणच पुढच्या महिन्याच्या पहिल्या पानावर नवा प्रश्न म्हणून उतरवून दुसऱ्या टप्प्यापासून सुरुवात करा.